मुद्दाम जुनी केलेली गिटार: जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

प्रश्न असा आला आहे: "एकाच घाटाच्या, एकाच नावाच्या दोन इलेक्ट्रिक गिटारी दुकानात शेजारी-शेजारी टांगलेल्या पाहिल्या. एक कोरी आणि चकचकीत होती. दुसरीचा रंग उडालेला, स्क्रू गंजलेले, लॅकरला तडे गेलेले. दोन्ही यंदाच तयार झालेल्या, आणि तरी जुनाट दिसणारी दुसरीच जास्त महाग. ज्याला आपण नुकसान म्हणतो त्याचे जास्त पैसे लोक का मोजतात? आणि माझ्याकडची साधी गिटार मी घरी पॉलिश पेपरने घासून तशी करू शकतो का?"

मी गेली २२ वर्षे पुण्यात गिटारी दुरुस्त करतो आहे. खऱ्या जुन्या अमेरिकी गिटारी माझ्या हाताखालून मोजक्याच गेल्या, कारण आपल्याकडे त्या मुळातच कमी आल्या. मुद्दाम जुन्या केलेल्या, म्हणजे या धंद्यात ज्यांना 'रेलिक' म्हणतात त्या, मात्र आता दर दोन-तीन महिन्यांनी एखादी तरी सेटअपसाठी, म्हणजे तारा वगैरे नीट जुळवून घ्यायला, येते. दोन्ही प्रकार उघडून, घासूनपुसून, वाजवून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की गिऱ्हाईक पैसे मोजते ते बॉडीवरच्या उडालेल्या रंगाकडे बघून, परंतु त्या पैशांचा खरा मोबदला मिळतो तो नेकच्या, म्हणजे गिटारीच्या लांब दांड्याच्या, पाठीवर, जिथे डोळा पोहोचत नाही आणि डावा अंगठा मात्र सतत फिरत असतो. हे मत कसे झाले ते सविस्तर सांगतो, कारण त्यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर आहे.

आधी हे जुनेपण मोलाचे कसे झाले ते पाहू. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे १९४६ साली कंपनी सुरू केली. १९५० साली बाजारात आलेली त्यांची सपाट, ठोकळेबाज गिटार पुढच्या वर्षी टेलिकास्टर या नावाने ओळखली जाऊ लागली आणि १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आली. जानेवारी १९६५ मध्ये ही कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली. त्यानंतर उत्पादन वाढत गेले, १९६८ च्या सुमारास लाकडावरच्या पातळ नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या लेपाच्या जागी पॉलिएस्टरचा जाड थर आला, १९७१ पासून स्ट्रॅटोकास्टरची नेक चार स्क्रूंऐवजी तीन बोल्टांवर बसू लागली, आणि वादकांना उघडपणे जाणवू लागले की दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे वाद्य नव्यापेक्षा बरे आहे. तिकडे मिशिगनमधील कलामझू येथे गिब्सनने १९५८ ते १९६० या काळात पिवळ्या-तांबूस सनबर्स्ट रंगाच्या लेस पॉल गिटारी केल्या. त्या वेळी त्या फारशा खपल्या नाहीत म्हणून कंपनीने तो घाटच बदलला, आणि साठच्या दशकाच्या मध्यावर इंग्लंडमधील एरिक क्लॅप्टन यांच्यासारख्या तरुण ब्लूज वादकांच्या हाती त्या पडल्यावर त्यांची मागणी अशी वाढली की आज एकेक नग लाखो डॉलरना जातो. थोडक्यात, चांगल्या गिटारी म्हणजे जुन्या गिटारी हे समीकरण वादकांच्या मनात ऐकीव कौतुकातून नव्हे, तर प्रत्यक्ष अनुभवातून पक्के झाले. जुन्या गिटारी झिजलेल्या असत, म्हणून झीज ही चांगलेपणाची खूण ठरली.

फेंडरने १९८२ साली १९५२ च्या टेलिकास्टरची आणि १९५७ व १९६२ च्या स्ट्रॅटोकास्टरची पुनरावृत्ती काढली. मोजमापे जुनी, घाट जुना, पण अंगावर कोरेपणाची चकाकी. खोके उघडले की नव्या लॅकरचा वास येई. १९५७ सालच्या गिऱ्हाइकाला दुकानात जी गिटार मिळाली असती तीच ही, असा त्यामागचा विचार होता आणि तो प्रामाणिक होता. अडचण एवढीच की ज्यांना ती हवी होती त्यांनी १९५७ सालची कोरी गिटार कधी पाहिलीच नव्हती. त्यांच्या मनातले वाद्य तीस वर्षे रंगमंचावर राबलेले होते. कस्टम शॉप, म्हणजे फेंडरचा खास वाद्ये करणारा विभाग, तिथले कारागीर सांगत आले आहेत की रोलिंग स्टोन्सचे गिटारवादक कीथ रिचर्ड्स यांच्यासाठी त्यांच्या जुन्या गिटारींच्या प्रती केल्या तेव्हा त्या फारच नव्या दिसतात, जरा आपटून-धोपटून आणा, असा निरोप आला होता. जे. डब्ल्यू. ब्लॅक हे कस्टम शॉपमधील कारागीर आणि मिसूरी राज्यातील विन्स क्युनेटो यांनी मिळून ही कल्पना पुढे नेली. १९९५ च्या जानेवारीत भरलेल्या नॅम या वाद्यप्रदर्शनात फेंडरने अशा दोन गिटारी काचेच्या पेटीत ठेवल्या: एक सोनेरी धातुकामाची फिकट स्ट्रॅटोकास्टर आणि एक 'नोकास्टर', म्हणजे १९५१ मधील त्या काही महिन्यांतला घाट, जेव्हा जुने नाव वापरता येत नव्हते आणि नवे ठरले नव्हते, म्हणून हेडस्टॉकवर, म्हणजे नेकच्या टोकाला, मॉडेलचे नावच नव्हते. पाहणाऱ्यांना वाटले की कंपनीने आपल्या संग्रहातील अस्सल जुनी वाद्ये मांडली आहेत. १९९५ ते १९९९ या काळात क्युनेटो यांच्या कार्यशाळेत बॉडी आणि नेक रंगवून, जुन्या करून परत पाठवल्या जात. पुढे ते काम कंपनीने स्वतःच्या कारखान्यात घेतले. गिब्सनकडे हेच काम टॉम मर्फी यांनी केले, आणि २०२० साली त्यांच्या नावाने एक स्वतंत्र विभागच उभा राहिला.

हे अमेरिकेतले एखादे अलीकडचे फॅड आहे असे मात्र समजू नये. पॅरिसमधील झाँ-बातिस्त व्हियोम हा एकोणिसाव्या शतकातील नामांकित व्हायोलिनकार स्त्रादिव्हारी या जुन्या इटालियन कारागिराच्या वाद्यांच्या प्रती करताना मूळ वाद्यांवरील झीजही उतरवत असे, आणि त्या प्रती आज स्वतःच्या गुणांवर मान मिळवून आहेत.

आता झिजेकडे वळतो, कारण खरा विषय तो आहे. काही वर्षांपूर्वी मडगावहून एक गृहस्थ त्यांच्या दिवंगत वडिलांची १९६४ सालची स्ट्रॅटोकास्टर घेऊन माझ्याकडे आले. वडील मुंबईच्या हॉटेलांमधील नृत्यवृंदांत वाजवत असत. त्यांच्या मुलाने 'हिरवी गिटार' असे फोनवर सांगितले होते, आणि पेटी उघडल्यावर ती खरोखर हिरवीच होती, तलावाच्या कडेला साचलेल्या पाण्यासारखी. मी तारा उतरवल्या, अकरा स्क्रू काढले आणि पिकगार्ड, म्हणजे बॉडीवरची प्लॅस्टिकची पाटी, उचलले. त्याखाली, साठ वर्षांत ज्याला उजेड लागला नव्हता असा, स्वच्छ चमकता निळा पट्टा होता. गिटार निळीच होती; वरचा पारदर्शक लॅकरचा थर उन्हाने आणि वयाने पिवळा पडला होता आणि निळ्यावर पिवळे चढून हिरवे झाले होते. मुलगा बराच वेळ त्या निळ्या पट्ट्याकडे पाहत राहिला. वडिलांच्या हातात त्याने तो रंग कधी पाहिलेलाच नव्हता.

त्या गिटारीवर मी संपूर्ण दिवस घालवला आणि त्यात मला झीज वाचता येऊ लागली असे म्हणेन. बॉडीच्या वरच्या कडेला, जिथे उजव्या हाताचा कोपराजवळचा भाग टेकतो, तिथे रंग लाकडापर्यंत गेला होता. पण ती जागा एकदम उघडी पडलेली नव्हती. बाहेरून आत येताना आधी पारदर्शक थर, मग रंगाचा, मग खालचा अस्तराचा, आणि मधोमध काळपट पडलेले लाकूड, असे पदर शाळेतल्या नकाशावरील समोच्च रेषांसारखे एकात एक बसलेले होते. पाठीमागे मधोमध पट्ट्याच्या बक्कलाचे आडवे ओरखडे होते, म्हणजे वडील उभे राहून वाजवत. फिंगरबोर्डच्या, म्हणजे नेकच्या पुढच्या बाजूच्या, शिसवी लाकडात पहिल्या तीन फ्रेटांच्या, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, मध्ये बोटांच्या टोकांनी बारीक खळगे पडले होते आणि बाराव्या फ्रेटच्या पुढे लाकूड जवळजवळ नवे होते. सगळा जन्म त्यांनी साथीला कॉर्ड वाजवल्या होत्या. सोलो दुसरे कोणी वाजवत असणार. मुलाला विचारले तेव्हा तो म्हणाला, "होय, बाबा रिदमला असायचे." मी हे वडिलांना न पाहता, त्यांचे एकही ध्वनिमुद्रण न ऐकता सांगू शकलो.

त्या गिटारीवर एका गोष्टीची उणीवही होती: लॅकरला तडे जवळजवळ नव्हते. अमेरिकेतून येणाऱ्या जुन्या वाद्यांवर जे बारीक तड्यांचे जाळे दिसते ते थंडीचे काम असते. नायट्रोसेल्युलोज लॅकर वर्षानुवर्षे सुकत, आकसत आणि ठिसूळ होत जाते. गाडीच्या डिकीत गोठलेली गिटार एकदम उबदार सभागृहात उघडली की लाकूड आणि लॅकर वेगवेगळ्या वेगाने प्रसरण पावतात आणि वरचा थर तडकतो. मुंबई-गोव्यात तशी थंडी नाही. त्याऐवजी खारी हवा आणि घाम आहे, म्हणून त्या गिटारीचे लॅकर अखंड होते आणि बॉडीवर तारा टेकतात त्या ब्रिजचे स्क्रू मात्र असे गंजलेले की दोन तर तेल सोडून रात्रभर ठेवल्याशिवाय हलले नाहीत. प्रत्येक हवामान आपापली झीज करते. कॅलिफोर्नियात तयार होणाऱ्या रेलिकवर अनेकदा मिशिगनच्या हिवाळ्याचे तडे आणि किनाऱ्याचा गंज एकत्र नांदताना दिसतात, आणि अनुभवी डोळ्याला तिथे काहीतरी खटकते.

चांगला रेलिक कारागीर हे सगळे जाणून असतो. तो बंद डब्यात हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेत निकेलचे भाग ठेवून त्यांची चमक घालवतो, प्लॅस्टिकचे भाग चहा-कॉफीसारख्या द्रावात रंगवून पिवळसर करतो, मूळचे सेल्युलॉइडचे पिकगार्ड ज्या हिरवट पांढऱ्या छटेला जाते ती छटा साधतो. टॉम मर्फी यांनी लॅकरवरच्या तड्यांच्या रेषा एकेक करून ब्लेडने ओढण्याची पद्धत रुळवली, आणि त्या रेषा कुठे सुरू होतात, कुठे थांबतात हे त्यांनी शेकडो जुनी वाद्ये पाहून ठरवले होते. १९५८-५९ च्या लेस पॉलवरचा लाल रंग उन्हात उडत असे, त्यामुळे मूळ रंग एक असूनही आज काही गिटारी चहासारख्या, काही लिंबासारख्या दिसतात. या उडालेल्या लालीची प्रत्येक पायरीही आता वेगळे नाव देऊन बनवली जाते. हे काम वेळखाऊ आहे आणि हाताचे आहे. जास्तीच्या किमतीतला मोठा भाग या मजुरीचा असतो, आणि तो भाग मला अवाजवी वाटत नाही.

वाईट रेलिक कसे ओळखावे, हे मी माझ्याच एका चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत एका तरुण मित्राच्या आग्रहावरून मी त्याच्या टेलिकास्टर घाटाच्या गिटारीचा रंग घासायला घेतला. कोपराच्या जागी पॉलिश पेपर लावला, दोन तास घासले, आणि जे तयार झाले ते पाहून मला त्याच क्षणी कळले की हे कोणत्याही हाताचे काम नाही. कडा सरळ होत्या. पदर नव्हते, एक इंच इकडे पूर्ण रंग, एक इंच तिकडे पूर्ण लाकूड. शिवाय त्या गिटारीवरचा थर पॉलिएस्टरचा होता, जवळजवळ नखाएवढा जाड. तो झिजतच नाही. तो एकतर तसाच राहतो, नाहीतर टवका उडून जातो, कपबशीचा उडतो तसा. पॉलिएस्टर घासून त्यावर नायट्रोसेल्युलोजची झीज आणणे हे चिनी मातीच्या भांड्याला कल्हई करण्यासारखे आहे. मी त्या मित्राची बॉडी नंतर स्वखर्चाने पूर्ण रंगवून दिली.

त्या दिवसापासून मी कुठल्याही रेलिककडे बघताना एकच प्रश्न विचारतो: इथे काय टेकले होते? कोपर, बक्कल, प्लेक्ट्रम म्हणजे तार छेडायची चकती, अंगठा, वायर, स्टँड, पेटीचे अस्तर. प्रत्येक उडालेल्या रंगाला असे उत्तर हवे. तारांचा आवाज टिपणाऱ्या मधल्या आणि खालच्या पिकअपच्या मध्ये, तारांच्या खाली प्लेक्ट्रमचे ओरखडे असणे बरोबर. पण जिथे कोणाचाच हात जात नाही त्या बॉडीच्या खालच्या शिंगासारख्या टोकाच्या आतल्या बाजूला लाकूड उघडे पडलेले असेल तर ते कोणी तरी टेबलावर बसून केलेले आहे. समोरून गिटार साठ वर्षांची दिसते आणि फ्रेट मात्र नव्यासारखे उंच, हेही मला विसंगत वाटते, जरी वाजवण्याच्या दृष्टीने ते सोयीचे असले तरी.

आता नेकबद्दल. नव्या गिटारीची नेक हातात घेतली की दोन गोष्टी जाणवतात. पाठीवर लॅकरचा चकचकीत थर असतो आणि हाताला जरासा घाम आला की अंगठा त्यावर चिकटतो; पुण्याच्या मे महिन्यात हे सांगावे लागत नाही. आणि फिंगरबोर्डच्या दोन्ही लांब कडा यंत्राने कापलेल्या, सुऱ्यासारख्या नाही तरी टोकदार असतात. वीस-तीस वर्षे रोज वाजवलेल्या नेकवर हे दोन्ही नाहीसे झालेले असते. पाठीचे लॅकर अंगठ्याने खाल्लेले असते आणि उघडे लाकूड हाताच्या तेलाने गुळगुळीत, कोरडे, जरा करडे झालेले असते. कडा साबणाच्या वापरलेल्या वडीसारख्या गोलसर झालेल्या असतात. मराठीत आपण वापरून हाताशी जमलेल्या वस्तूला 'रुळलेली' म्हणतो, आणि मला याहून नेमका शब्द दुसऱ्या कोणत्या भाषेत माहीत नाही. चांगल्या रेलिकची नेक पहिल्याच दिवशी रुळलेली असते. कडा हाताने गोल केलेल्या, पाठीवरचे लॅकर लाकडापर्यंत उतरवलेले. मी अनेक वादकांना आधी डोळे मिटून नेक धरायला सांगतो, आणि बहुतेक वेळा ज्या गिटारीवरून त्यांचा हात उठत नाही ती पाठीवरून झिजवलेली असते, पुढून ती कितीही कोरी असली तरी.

दुसरी एक गोष्ट मनाची आहे, आणि ती मी कमी लेखत नाही. दोन-तीन लाखांची कोरी गिटार घेतलेला माणूस तिला जपत वाजवतो. बाहीचे बटण लागू नये म्हणून हात उचलून धरतो, कार्यक्रमाला नेताना दुसरीच घेऊन जातो. पहिला ओरखडा पडतो त्या दिवशी त्याला झोप येत नाही; मी असे गिऱ्हाईक पाहिले आहे, जे एका तांदळाएवढ्या टवक्यासाठी नाशिकहून पुण्याला आले. रेलिक घेणाऱ्याला हे भय नसते. पहिला ओरखडा कारखान्यातच पडून गेलेला असतो, त्यामुळे तो गिटार खांद्याला लावतो आणि वाजवतो. वाद्याच्या दृष्टीने हा फायदा लहान नाही, कारण कपाटात जपलेली गिटार कोणाच्याच हाताला रुळत नाही.

प्रसिद्ध वादकांच्या गिटारींच्या प्रतींची गोष्ट मात्र निराळी आहे. आयर्लंडचा रॉरी गॅलॅघर १९६१ सालची एक स्ट्रॅटोकास्टर १९६३ मध्ये कॉर्कच्या दुकानातून सुमारे शंभर पौंडांना घेऊन आला आणि पुढची तीस वर्षे तीच वाजवत राहिला. मध्ये ती चोरीला जाऊन पावसात खड्ड्यात पडून राहिली, आणि त्याच्या घामाने तिचा सनबर्स्ट रंग असा गेला की शेवटी काही डाग तेवढे उरले. ती मूळ गिटार २०२४ साली लंडनमध्ये लिलावात निघाली आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे गेली. फेंडर तिची प्रत विकते, डागासकट. एरिक क्लॅप्टन यांची 'ब्लॅकी' ही गिटार २००४ साली ९,५९,५०० डॉलरना गेल्यावर २००६ मध्ये तिच्या २७५ प्रती प्रत्येकी २४,००० डॉलरना निघाल्या. या प्रती हाती घेणाऱ्याचा आनंद मी समजू शकतो, पण तिथली झीज दुसऱ्याच्या कोपराची, दुसऱ्याच्या उंचीची, दुसऱ्याच्या सवयींची असते. गॅलॅघरच्या हाताने पडलेली झीज तुमच्या हाताखाली योग्य जागी येईलच असे नाही. म्हणून वाजवण्यासाठी घेणाऱ्याला मी अशा प्रती सुचवत नाही. कोणाचीही नसलेली, केवळ रुळलेली अशी साधी झीज बरी.

आवाजाबद्दल विचारले जाते, तेव्हा स्पष्ट सांगतो: रंग उडाल्याने आवाज सुधारत नाही. महाग रेलिक आणि त्याच कंपनीची स्वस्त गिटार यांच्या आवाजात फरक असेल तर तो पिकअप, लाकडाची निवड, नट (नेकच्या टोकाशी तारा टेकतात ती खाचांची पट्टी) आणि फ्रेटचे काम यांतून येतो. ते काम कस्टम शॉपमध्ये अधिक निगुतीने होते, पण ते कोऱ्या चकचकीत गिटारीवरही तितकेच होऊ शकते. आपले कान डोळ्यांच्या सांगण्यावर किती चालतात याचा एक चांगला दाखला व्हायोलिनच्या जगात आहे. २०१० साली अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे क्लॉडिया फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ अनुभवी वादकांना काळे चष्मे घालून तीन नवी आणि तीन जुनी इटालियन व्हायोलिने वाजवायला दिली. बहुतेकांनी नवे वाद्य पसंत केले, आणि सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका स्त्रादिव्हारीला. गिटारवर मी असे शास्त्रीय प्रयोग केलेले नाहीत, पण माझ्या टेबलावर जुनाट दिसणारी गिटार वाजवताना माणूस जरा वेगळा वाजवतो हे मी पुष्कळदा पाहिले आहे. हात सैल पडतो, ब्लूजकडे वळतो. आवाजातला फरक तिथून येतो, म्हणजे वादकाकडून.

'ही फसवणूक नाही का?' असाही प्रश्न मला अनेकदा ऐकावा लागतो. विकणारा ती नवी म्हणून, तिच्या तयार होण्याच्या सालासह विकत असेल तर फसवणूक कोणाचीच नाही. अवघड प्रश्न पुढच्या विक्रीत येतो. तीन हात बदललेल्या, कागदपत्रे हरवलेल्या गिटारीला कोणी तरी 'साठ सालची' म्हणू लागते. अशी एक मला तपासायला आली होती. वरून सगळे चोख होते, पण नेक काढल्यावर स्क्रूंची भोके आतून कोरी, पांढरी होती आणि पिकगार्डखालचा रंग बाहेरच्या रंगाइतकाच पिवळा. खऱ्या जुन्या गिटारीवर झाकलेला भाग तरुण राहतो. मडगावच्या गिटारीने मला ते शिकवले होते. घेताना शंका आली तर पिकगार्ड उघडून पाहण्याची मागणी करायला संकोच करू नये.

आपल्याकडच्या हवेत रेलिक घेणार असाल तर दोन सूचना आहेत. नायट्रोसेल्युलोजचा थर रबरी किंवा फोमच्या स्टँडवर महिना-दोन महिने टेकून राहिला तर दोघांत रासायनिक क्रिया होऊन लॅकर मऊ पडते आणि तिथे कायमचा वण राहतो. स्टँडला सुती कापड गुंडाळावे. दुसरे असे की नेकच्या पाठीचे लाकूड उघडे असल्याने पावसाळ्यात ते ओल धरते. मी जूनच्या आधी तिथे पातळ तेल-मेणाचा हात देतो, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पूर्ण पुसतो, आणि गिटार पेटीत सिलिका जेलसह ठेवायला सांगतो. जे स्क्रू कारखान्यातच गंजवलेले आहेत ते कोकणाच्या हवेत आणखी गंजतात, तेव्हा ब्रिजच्या स्क्रूंना वर्षातून एकदा तेलाचा थेंब द्यावा.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. तुमच्या गिटारीची बॉडी घासू नका. ती बहुधा पॉलिएस्टरची आहे आणि माझ्या मित्राच्या गिटारीचे जे झाले तेच तिचे होईल. नेकवर मात्र एका संध्याकाळचे काम जरूर करा. तारा सैल करा, फ्रेटांवर आणि हेडस्टॉकवर कागदी टेप लावा. पाठीवरचा चकचकीतपणा चारशे नंबरच्या आणि मग आठशे नंबरच्या पॉलिश पेपरने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, हलक्या हाताने घालवा. लाकडापर्यंत जायची गरज नाही, चिकटपणा गेला की थांबा. मग एखाद्या गुळगुळीत पोलादी दांड्याने, स्क्रूड्रायव्हरचा गोल दांडा चालतो, फिंगरबोर्डच्या कडा दाबून घासत खाली-वर न्या, म्हणजे लाकूड कापले न जाता दबून गोलसर होते. पहिल्या फ्रेटपासून पाचव्यापर्यंत जास्त, बाराव्याच्या पुढे अगदी थोडे. दर पाच मिनिटांनी थांबून नेक हातात धरून पाहा. हे जमले आणि तरीही दुकानातली ती गंजलेली, महाग गिटार डोळ्यांसमोरून हलत नसेल, तर तिला पुन्हा भेटायला जा, विक्रेत्याला ती तुमच्या हातात द्यायला सांगा आणि डोळे मिटून दहा मिनिटे फक्त नेक धरून वाजवा.